चेलोचे एक घराणे : बुडापेस्ट ते ब्लूमिंग्टन

चेलो हे वाद्य आज युरोपीय मैफलीच्या व्यासपीठावर ज्या मानाने मध्यभागी बसते, तो मान त्याला फार विलंबाने प्राप्त झाला. आणि तो ज्यांच्या हातून मिळाला त्यांचा शोध घेऊ लागल्यास असे आढळते की, त्यांपैकी बहुतेक जण पहिल्या प्रतीचे वादक असूनही आपल्या हयातीचा फार मोठा भाग त्यांनी विद्यार्थ्यांसमोर बसून खर्ची घातला. व्हायोलिनच्या इतिहासात पागानिनीसारखा एखादा पुरुष, फारसे कोणास न शिकवता, केवळ आपल्या वादनाच्या तेजावर वाद्याची सीमा पुढे सरकवून जातो. चेलोच्या इतिहासात असा पुरुष सहसा सापडत नाही. येथे जी सीमा सरकली ती तालमीच्या खोलीत सरकली आणि मैफलीत तिची वार्ता मागाहून पोचली. या विधानाची साक्ष देणारी एक परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभाच्या मागे-पुढे हंगेरीत उदयास आली आणि पुढे अमेरिकेच्या एका आडगावी विद्यापीठात स्थिरावली. तिचा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. सोळाव्या शतकाच्या मध्यास क्रेमोना येथे आन्द्रेआ आमाती याने घडवलेले चेलो हे आज उपलब्ध असलेल्या चेलोंत सर्वांत जुने मानले जातात. ती वाद्ये अंगाने फार थोराड होती, कारण निव्वळ आतड्याच्या तारेतून खोल खर्ज काढावयाचा तर तारेला लांबी आणि जाडी दोन्ही लागत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आतड्याच्या तारेवर धातूचा बारीक वेढा देण्याची युक्ती निघाली, तेव्हा तार आखूड होऊनही खर्ज कायम राहू लागला, वाद्याचा देह आटोक्यात आला आणि डाव्या हाताला पट्टीवर धावण्यास मोकळीक मिळाली. बोलोन्याच्या डोमेनिको गाब्रिएल्लीने १६८९ साली एकट्या चेलोसाठी रचना केल्या. सुमारे तीस वर्षांनी क्योथेनच्या दरबारात चाकरीस असताना बाखने आपले सहा सुईट लिहिले. आणि याच सुमारास स्ट्रादिवारीने चेलोचे जे आटोपशीर माप ठरवले, तेच अद्यापि कारागिरांस प्रमाणभूत वाटते. वाद्य सिद्ध झाले, त्यासाठी अलौकिक संगीतही लिहिले गेले; तथापि त्यानंतरही दीर्घ काळ दरबारी वाद्यवृंदातील चेलोवादकाचे काम इतरांच्या गायन-वादनाखाली खर्जाचा आधार देणे एवढेच मानले जाई.

याचे कारण माझ्या मते वादकांच्या आळसात शोधू नये, ते विद्येच्या अभावात शोधावे. व्हायोलिनची बोटे ठेवण्याची रीत चेलोवर जशीच्या तशी लागू पडत नाही. पट्टी लांब, स्वरांतील अंतर मोठे, आणि जेथे व्हायोलिनवादकाचे एक बोट सहज पूर्ण स्वराचे अंतर ओलांडते तेथे चेलोवादकाच्या एका बोटाला अर्ध्या स्वरावरच थांबावे लागते. ही साधी गोष्ट शास्त्र म्हणून मांडणारा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झां-लुई द्युपोर याने लिहिला, आणि १७९५ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या संगीतशाळेत चेलोचा रीतसर वर्ग सुरू झाल्यावर त्या शास्त्राला विद्यार्थी मिळाले. पुढे बेल्जियमच्या सेर्व्हे याने वाद्याच्या बुडाशी टेकू लावण्याची चाल रूढ केली. त्यापूर्वी वाद्य दोन्ही पोटऱ्यांत धरावे लागे. आता ते जमिनीवर टेकून वादकाच्या देहाला मोकळे झाले.

इतकी सामग्री जमल्यावर दाव्हिद पॉप्पर अवतरला. प्राग येथील एका यहुदी प्रार्थनामंदिरातील गायकाच्या पोटी १८४३ साली जन्मलेल्या या मुलाने त्याच नगरीच्या संगीतशाळेत यूलिउस गोल्टरमान याच्याजवळ विद्या घेतली, विशीच्या आसपास हान्स फॉन ब्यूलोसारख्या पारख्याची मर्जी संपादन केली, आणि पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १८६८ साली, व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात मुख्य चेलोवादकाची जागा पटकावली. पाच वर्षांनी ती सोडून, पत्नी सोफी मेंटर हिच्यासह त्याने युरोपभर मैफली केल्या. ही सोफी मेंटर म्हणजे लिस्टच्या शिष्यगणातील अग्रगण्य पियानोवादिका. पॉप्परच्या त्या काळातील वादनाचा एकही ध्वनी आज आपल्यापाशी नाही. परंतु त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या रचना आहेत, आणि त्या वाजवू जाता हाताला जे कष्ट पडतात त्यांवरून त्या हाताची योग्यता आजचा विद्यार्थीही ओळखतो.

१८८६ साली लिस्टच्या शिफारशीने पॉप्परची नेमणूक बुडापेस्टच्या संगीत अकादमीत झाली. ही अकादमी १८७५ साली स्थापन झाली होती आणि तिचा पहिला अध्यक्ष खुद्द लिस्टच होता. शिफारस करून लिस्ट त्याच वर्षी निवर्तला. पॉप्पर मात्र १९१३ साली मृत्यूने गाठीपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, त्या जागेवर राहिला. नोकरी पत्करली म्हणून त्याने वादन सोडले असे मुळीच झाले नाही. त्याच वर्षी बुडापेस्टला आलेला व्हायोलिनवादक येनो हुबाय याच्यासह त्याने जे क्वार्टेट उभारले, त्याची कीर्ती ब्राम्सपर्यंत गेली. इतकी की, ब्राम्सने आपली ऑपस १०१ ही त्रिवाद्य रचना १८८६च्या डिसेंबरात आणि ऑपस ८ या तरुणपणीच्या रचनेची शुद्ध केलेली आवृत्ती १८९०च्या जानेवारीत, दोन्ही प्रथमतः बुडापेस्टातच, स्वतः पियानोवर बसून व हुबाय आणि पॉप्पर यांस सोबतीस घेऊन लोकांपुढे सादर केल्या. ज्या गुरूने काल संध्याकाळी ब्राम्सच्या शेजारी बसून वाजवले तोच आज सकाळी वर्गात बोट कोठे ठेवावे हे सांगतो, ही गोष्ट त्या विद्यार्थ्यांच्या मनावर केवढा परिणाम करीत असेल याची कल्पना करावी.

पॉप्परच्या अध्यापनाचे चिरस्थायी फळ म्हणजे १९०१ ते १९०५ या अवधीत प्रसिद्ध झालेले, ऑपस ७३ या क्रमांकाचे त्याचे चाळीस अभ्यासपाठ. जगातील कोणत्याही संगीतशाळेत चेलो शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला यांतून सुटका नाही. त्यापूर्वीच्या गुरूंनीही पाठ लिहिले होते. परंतु त्या पाठांची स्वरभूमी जुन्या काळची, सरळ सप्तकांची आणि ठरलेल्या संवादांची होती, आणि दरम्यान व्हागनरने सारी भूमीच हलवून टाकली होती. व्हिएन्नाच्या ऑपेरात पाच वर्षे बसलेल्या पॉप्परला हे अनुभवाने ठाऊक होते की, यापुढील संगीतात हाताखालचा स्वर कोणत्या क्षणी कोणत्या दिशेला वळेल याचा नेम राहिलेला नाही. म्हणून त्याने पट्टीचा कोपरान् कोपरा, विशेषतः अंगठा तारांवर आडवा टाकून उंच स्वरांत वावरण्याचा तो प्रांत जेथे जुने वादक भीत भीत जात, असा काही नांगरून काढला की, त्या पाठांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तेथे अपरिचित असे ठिकाणच उरू नये. एकोणिसावा पाठ तर विद्यार्थ्यांत अद्यापि, व्हागनरच्या त्या नावाच्या ऑपेरावरून, ‘लोहेनग्रिन’चा पाठ या नावानेच ओळखला जातो. या पाठांस शुष्क म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मत मान्य नाही. प्रत्येक पाठात एका विशिष्ट अडचणीचा माग शेवटपर्यंत घेतलेला असून त्यातून एक सबंध सांगीतिक विचार उभा राहतो, आणि तो ऐकू येण्यास पाठ संथ लयीत, स्वर शुद्ध ठेवून, वाजवला पाहिजे, इतकेच.

या पेरणीचे पीक पुढच्या पिढीने घेतले. पॉप्परचा शिष्य येनो केर्पेलि हा ज्या क्वार्टेटात वाजवी त्याने बार्टोकची पहिली दोन क्वार्टेटे प्रथम सादर केली; आणि कोदाय याने १९१५ साली एकट्या चेलोसाठी लिहिलेला सोनाटा १९१८ साली याच केर्पेलिने प्रथम जाहीरपणे वाजवला. कोदाय स्वतः लहानपणी चेलो शिकला होता, त्यामुळे वाद्याची अंतर्बाह्य माहिती त्याला होती; तथापि या रचनेत त्याने खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवून घेण्याचा, त्यायोगे सबंध वाद्याचा झंकारच पालटून टाकण्याचा, आणि हंगेरियन खेड्यांतील सिंबालोम व मशक यांचे ध्वनी चार तारांत उतरवण्याचा जो उपक्रम केला, तो अशा भरवशावरच केला असला पाहिजे की, हे पेलणारा हात आपल्याच नगरीत आता तयार झाला आहे. बाखनंतर एकट्या चेलोसाठी या तोलाचे लेखन दोनशे वर्षांत झाले नव्हते. वर्ग आधी आणि रचना मागून, असा हा क्रम आहे.

पॉप्परचा दुसरा शिष्य, त्याचा साहाय्यक आणि अकादमीतील वारस आडोल्फ शिफर. याच्यापाशी सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, त्याचे नाव यानोश स्टार्कर. जन्म बुडापेस्टचाच, ५ जुलै १९२४चा, यहुदी कुटुंबातला. दोघे थोरले भाऊ व्हायोलिन वाजवीत. मुलगा आठ वर्षांचा झाला तोच त्याला स्वतःहून लहान अशी एक विद्यार्थिनी सोपवण्यात आली, आणि बाराव्या वर्षी त्याच्याजवळ पाच जण शिकत होते. आपल्याकडे ही गोष्ट कानाला विलक्षण लागेल, कारण दीर्घ सेवेवाचून शिकवण्याचा अधिकार येत नाही असे आपल्या घराण्यांनी मानले. पण त्या वर्गाचा विचार निराळा होता: जे नुकतेच आत्मसात केले ते दुसऱ्याला समजावून सांगता आले म्हणजेच ते पुरते आले, हा त्यामागचा सिद्धांत. स्टार्करने तो जन्मभर धरून ठेवला. शिकवल्याखेरीज आपण वाजवू शकणार नाही आणि वाजवल्याखेरीज शिकवू शकणार नाही, असे तो उतारवयापर्यंत सांगत असे.

अकादमीत त्याच्यावर सर्वांत खोल संस्कार केला तो मात्र चेलोच्या गुरूने नव्हे. लेओ वाइनर हा संगीतकार तेथे समूहवादन शिकवी; वाद्यवृंदसंचालक डोराटी व शोल्टी, पियानोवादक शेबोक हे सारे त्याच्या हाताखालून गेले. वाद्य कोणतेही असो, ऐकावे कसे हे वाइनरने शिकवले, असे त्याचे विद्यार्थी एकमुखाने सांगत. चौदाव्या वर्षी स्टार्करने, ठरलेला वादक अकस्मात न आल्यामुळे, अवघ्या काही तासांच्या सूचनेवर द्वोर्झाकचा कॉन्चेर्टो वाजवला. त्यानंतर हंगेरीत यहुदी लोकांविरुद्ध कायदे होत गेले आणि युद्ध आले. त्या युद्धात दोन्ही भाऊ मारले गेले. यानोश स्वतः छावणीत डांबला गेला आणि वाचला. १९४५ साली बुडापेस्टच्या ऑपेरात मुख्य चेलोवादक म्हणून तो रुजू झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याने मायदेश सोडला.

त्याच्या आयुष्यातील निर्णायक घटना मला विचाराल तर या काळातील आहे, आणि ती कोणत्याही मैफलीत घडलेली नाही. बालपणापासून जे हात आपोआप चालत आले त्यांना हे कसे साधते, असा प्रश्न बावीस वर्षांच्या या तरुणास युद्धानंतरच्या त्या भटकंतीत पडला, उत्तर सापडेना, आणि वादनच हातचे जाते की काय अशी धास्ती त्याने काही काळ अनुभवली. बालपणी अद्भुत म्हणून गाजलेली मुले पुढे जी विझतात ती याच प्रश्नाशी येऊन विझतात. स्टार्करने प्रश्न टाळला नाही. दंडाचे बळ पाठीच्या स्नायूंतून निघून खांदा, कोपर, मनगट या मार्गाने गजापर्यंत कसे पोचते, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना डावा हात कोणत्या क्षणी निघतो आणि गज कोणत्या क्षणी फिरतो, स्वर उमटण्यापूर्वी श्वास कोंडलेला असतो की सोडलेला, याचे पृथक्करण तो वर्षानुवर्षे करीत राहिला. त्यातून निघालेले पुस्तक १९६१ साली प्रसिद्ध झाले. ते आकाराने लहान आहे, त्यात मुख्यत्वे डाव्या हाताच्या स्थलांतराची सूत्रे आहेत, आणि त्यात एकही अलंकारिक वाक्य नाही.

दरम्यान पॅरिसच्या मुक्कामी त्याने केलेल्या कोदायच्या सोनाट्याच्या ध्वनिमुद्रणास १९४८ साली फ्रान्सचा थोर ध्वनिमुद्रिका-पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो अमेरिकेस गेला. डॅलस येथे डोराटीच्या वाद्यवृंदात एक हंगाम, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात फ्रिट्झ राइनर याच्या हाताखाली चार वर्षे, आणि १९५३पासून राइनरच्याच मागोमाग शिकागो. या दहा वर्षांच्या वाद्यवृंदातील नोकरीकडे चरित्रकार घाईने पाहतात. वास्तविक राइनरसारख्या कडक शिस्तीच्या संचालकापुढे रोज बसून जी नेटकी लय आणि स्वराची जी निर्दोष शुद्धता अंगी येते, तीच स्टार्करच्या एकल वादनाची ओळख झाली.

१९५८ साली त्याने शिकागो सोडले आणि इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली. ब्लूमिंग्टन हे चुनखडीच्या खाणींच्या मुलखातले लहानसे गाव. परंतु तेथील संगीतविभागाचा प्रमुख विल्फ्रेड बेन याने, युरोपातून उखडले गेलेले कलावंत जमवून, तेथे जणू मध्य युरोपचे एक ठाणेच वसवले होते. या ठाण्याशी आपल्या मुंबईचा एक धागा जुळलेला आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. कार्ल्सबाडला जन्मलेला वाल्टर काउफमान हा यहुदी संगीतकार १९३४ साली मुंबईस आला, १९३७ ते १९४६ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता, आणि आकाशवाणीची जी प्रारंभधून आपण सर्वांनी पहाटे ऐकली तिचा कर्ता तोच मानला जातो. मुंबईत त्याने समूहवादनाची एक मंडळी स्थापली होती. तीत मेहली मेहता व्हायोलिन, एडिजिओ वेर्गा चेलो आणि स्वतः काउफमान पियानो वाजवी. हाच काउफमान १९५७ साली, म्हणजे स्टार्करच्या केवळ एक वर्ष अगोदर, ब्लूमिंग्टनला संगीतशास्त्राचा प्राध्यापक म्हणून गेला आणि मुंबईत सुरू केलेल्या अभ्यासातून उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा आपला मोठा ग्रंथ त्याने तेथूनच प्रसिद्ध केला. मुंबईत चेलो वाजला तो अशा मंडळींतून आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांचा त्यात मोठा वाटा होता, आणि राहुलदेव बर्मन यांचे सहकारी बासू चक्रवर्ती हेही मूळचे चेलोवादकच. नोकरी देणारे स्टुडिओ या शहरात होते. पिढ्यान् पिढ्या चालणारा चेलोचा वर्ग मात्र उभा राहिला नाही, आणि याची खंत मला वाटते, कारण हातांची गुणवत्ता येथे कमी नव्हती.

ब्लूमिंग्टनमध्ये स्टार्कर पंचावन्न वर्षे राहिला; २८ एप्रिल २०१३ रोजी तेथेच त्याचे निधन झाले. त्याच्या वर्गाविषयी विद्यार्थ्यांनी जे लिहून ठेवले आहे त्यात धाकाचा उल्लेख वारंवार येतो. स्तुती दुर्मिळ, भाषा तुटक, चूक झाली तर ती कोणत्या सांध्यापाशी झाली हे तत्काळ सांगणे, आणि विद्यार्थ्याने भावनेचा हवाला देताच त्याला पुन्हा हाताकडे वळवणे, अशी ती पद्धत. वादनातही हाच स्वभाव. चेहऱ्यावर रेष हलत नसे. देह डोलत नसे. श्रोत्याने आपल्याकडे न पाहता संगीत ऐकावे अशी जणू आज्ञाच असे. त्याच काळात चेलोवादक रोस्त्रोपोविच आपल्या वादनाच्या झंझावाताने जग जिंकीत होता आणि लोकांना त्या तुलनेत स्टार्कर कोरडा वाटे. या दोघांत निवड करण्याचे कारण नाही. तथापि बाखचे सुईट स्टार्करने पाच वेळा संपूर्ण ध्वनिमुद्रित केले, त्यांपैकी १९६३ ते १९६५मधील आणि १९९२ सालची ही दोन मुद्रणे जो लागोपाठ ऐकेल, त्याला तो कोरडेपणा म्हणजे वस्तुतः किती आवरून धरलेली ऊब होती हे कळून येईल. सत्तरीच्या उंबरठ्यावरील मुद्रणात नृत्याची पावले अधिक सैल पडतात, सरबांद अधिक वेळ थांबतो. या मुद्रणास पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

नव्या रचनांचीही त्याला आस्था होती. मिक्लोश रोझा याने आपला कॉन्चेर्टो त्याच्यासाठी लिहिला, जुना सहकारी डोराटी याने लिहिला, आणि विद्यापीठातच जॅझ शिकवणारा कृष्णवर्णीय संगीतकार डेव्हिड बेकर याने एक सोनाटा आणि एक कॉन्चेर्टो त्याच्या हाती दिला. १९७९ साली त्याने आपली दिवंगत सहकारी एव्हा यान्झेर हिच्या नावे ब्लूमिंग्टन येथे चेलोचे केंद्र स्थापिले आणि तेथे तो दरवर्षी आपल्या वेळच्या नामांकित चेलोगुरूंस बोलावून त्यांचा जाहीर सत्कार करी. गाजलेले एकलवादक जसे, तसे जन्मभर केवळ वर्गात राबलेले वृद्ध शिक्षकही त्या सत्काराचे मानकरी होत.

त्याच्या शिष्यांत फ्रान्स, जर्मनी, जपान, अमेरिका येथील अनेक नामवंत आहेत. त्यांपैकी एकाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्सुयोशी त्सुत्सुमी हा १९४२ साली टोकियोत जन्मला. प्रथम तो हिदेओ साइतो याच्यापाशी शिकला, आणि साइतो हा लाइपझिगच्या क्लेंगेल याचा व बर्लिनला फॉयरमान याचा विद्यार्थी, म्हणजे युरोपीय विद्येचीच दुसरी शाखा. १९६१ साली त्सुत्सुमी ब्लूमिंग्टनला स्टार्करकडे आला आणि दोन वर्षांनी, १९६३ साली, चेलोवादक कासाल्सच्या नावे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याने पहिले पारितोषिक मिळवले. ती स्पर्धा बुडापेस्ट येथे भरली होती. पुढे १९८८पासून अठरा वर्षे तो ब्लूमिंग्टनमध्ये स्टार्करच्या शेजारच्या वर्गात शिकवीत होता, आणि त्यातील शेवटची काही वर्षे, इंडियानाची प्राध्यापकी न सोडता, टोकियोत आपल्या पहिल्या गुरूने वाढवलेल्या तोहो संगीतविद्यालयाचे अध्यक्षपदही सांभाळून तो तेथील मुलांस पॉप्परचे पाठ शिकवीत होता.